कोन चुकतो, तो चाक लागण्याच्या आधी

राधानगरी परिसरातली अनेक मुलं आयटीआय करून कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कामाला लागतात. सरफेस ग्राइंडरवर काम करणाऱ्या त्यांच्यातल्याच एका कारागिराच्या वाट्याला आलेला हा अनुभव.

काम होतं डायच्या इन्सर्टला १५ अंशांचा उतार देण्याचं. ६० मिमी लांबीत पाच मायक्रॉनपेक्षा जास्त फरक चालणार नव्हता. १०० मिमीच्या साइन प्लेटखाली २५.८८२ मिमीच्या स्लिप (स्लिप गेज) लावल्या, चाक ड्रेस केलं, शेवटच्या पासला ठिणग्या थांबेपर्यंत टेबल चालवलं. तरीही तपासणीत सगळे नग परत आले. प्रत्येकाचा उतार सुमारे सहा मायक्रॉननं आणि एकाच दिशेला चुकलेला.

या एकसारखेपणातच कारण दडलं होतं. चूक दर नगाला वेगळी असती तर चाकावर किंवा स्पिंडलवर संशय घेता आला असता. सारखी चूक सेटिंगमधून येते. प्लेट उचलल्यावर स्लिप आणि रोलर यांच्यामध्ये कूलंटच्या गाळातला एक बारीक कण सापडला. १०० मिमीवर दहा मायक्रॉनची उंची वाढली, की ६० मिमीवर सहा मायक्रॉन जातातच.

राधानगरी धरणाची पातळी जशी एकाच ठरलेल्या पायापासून मोजतात, तसं सेटिंगही एकाच पायावरून करायचं असतं. ग्राइंडिंगमधला तो पाया म्हणजे मॅग्नेटिक चकचा पृष्ठभाग.

सुरुवात तिथूनच करावी. चक पुसून त्यावर ऑइलस्टोन हलकेच फिरवावा आणि टेबल चालवत डायल गेज लावून पाहावा. फिक्स्चरच्या तळाची बर काढावी. मग साइन प्लेटची बाजू टेबलच्या चालीला समांतर आहे का, हे पप्पी डायलनं बघावं. प्लेट किंचित तिरकी बसली तर नगावर दुहेरी कोन येतो, आणि तो केवळ स्लिप बदलून सुटत नाही.

क्लॅम्प आवळण्याआधी आणि आवळल्यावर, दोन्ही वेळा डायल घ्यावा. काटा हलला तर नग उचलला गेला किंवा वाकला, असं समजावं. पातळ, वाकडी पट्टी चुंबक ओढून सपाट करतो. ग्राइंड करून सोडली की ती पुन्हा वाकते. अशा पट्टीखाली पोकळी असेल तिथे शिम भरून मगच चुंबक लावावा.

उष्णतेकडेही लक्ष हवं. १०० मिमी पोलाद पाच अंश तापलं की जवळजवळ सहा मायक्रॉन वाढतं. म्हणून गरम नग लगेच मोजू नये. राधानगरीसारख्या पावसाच्या मुलखात उघड्या हातानं हाताळलेल्या स्लिपवर गंज लवकर धरतो. काम झालं की त्या पुसून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवून पेटीत ठेवाव्यात.

पहिला नग क्लॅम्प सोडून, थंड करून मोजावा. तो बरोबर निघाल्यावरच बाकीचे लावावेत. सुपरवायझरनंही जॉबकार्डवर सेटिंगचा वेळ वेगळा धरावा. तो न धरल्यामुळेच नवी मुलं डायल न लावता मशीन सुरू करतात.