चिप उद्योगातील चढाओढ : एका माघारीचा इतिहास

रास्त भाव दुकानातील अंगठा टेकवावयाचे यंत्र असो, ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील संगणक असो, की नव्या दुचाकीचे इंजिन असो, या सर्वांच्या पोटात नखाएवढी सिलिकॉनची चिप असते. २०२१ साली या चिप्सचा जगभर तुटवडा पडला, तेव्हा अनेक देशांतील मोटार कारखान्यांना उत्पादन कमी करावे लागले. आपल्या राज्यातील वाहन उद्योगालाही त्याची झळ बसली. इतकी आवश्यक वस्तू जगात मोजक्याच कंपन्या का बनवितात, आणि एकेकाळच्या अग्रेसर कंपन्या या धंद्यातून बाहेर का पडतात, हे समजून घ्यावयाचे असेल तर १९८० च्या दशकात अमेरिका व जपान यांच्यात स्मृतिचिप्सवरून जी चढाओढ झाली तिच्याकडे वळावे लागते.

उताऱ्याचे गणित

या धंद्याचे मर्म शेतकऱ्याला चटकन उमगेल असे आहे. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो चिप्स एकाच वेळी घडविल्या जातात. चकतीवर एकामागून एक अनेक प्रक्रिया होतात आणि त्यांपैकी एकीतही धुळीचा कण पडला, तर त्या जागेवरील चिप वाया जाते. समजा, एका चकतीवर २०० चिप्स बसतात. त्यांतील ५० निर्दोष निघाल्या तर चकतीचा सारा खर्च त्या ५० चिप्सवर पडतो; १५० निघाल्या तर प्रत्येक चिपचा खर्च एकतृतीयांशावर येतो. म्हणजे येथेही एकरी उताऱ्यासारखाच चकतीचा उतारा पाहावयाचा असतो. हा उतारा अनुभवाने वाढतो. ज्याने अधिक चकत्या हाताळल्या त्याच्या चुका लवकर सापडतात, त्याची चिप स्वस्त पडते, तो भाव उतरवू शकतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे वळते. मागे राहिलेल्याचा तोटा त्यामुळे दुहेरी असतो.

शिवाय कारखाना उभारण्याचा खर्च प्रचंड आणि यंत्रसामग्री काही वर्षांतच जुनी होणारी. मागणी असो वा नसो, कारखाना चालू ठेवावाच लागतो. मंदी आली की सर्वच उत्पादक माल बाजारात ओततात आणि भाव कोसळतात. कांद्याच्या बाजारपेठेचा अनुभव असणाऱ्यांना याहून अधिक सांगावयास नको.

इंटेलचा उदय

रॉबर्ट नॉईस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात इंटेल कंपनी स्थापन केली ती स्मृतिचिप्स बनविण्यासाठीच. संगणकातील माहिती त्या काळी चुंबकीय कड्यांच्या जाळीत साठविली जात असे. इंटेलने १९७० मध्ये बाजारात आणलेल्या ११०३ या चिपने त्या जाळीची जागा घेतली. पुढच्याच वर्षी कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर विक्रीस काढला. बिझीकॉम या जपानी गणकयंत्र कंपनीच्या कामातून तो जन्मला होता. त्याचे महत्त्व पुढे केवढे वाढणार आहे, याची पुरती कल्पना त्यावेळी कंपनीलाही नव्हती. आपण स्मृतिचिप्सची कंपनी आहोत, हीच इंटेलची स्वतःविषयीची धारणा होती.

जपानने १९७६ ते १९८० या काळात सरकारच्या पुढाकाराने फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी, एनईसी आणि तोशिबा या पाच कंपन्यांची संयुक्त संशोधन योजना राबविली. एरवी एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या या कंपन्यांनी मूलभूत तंत्र एकत्र शिकावे आणि मग बाजारात खुशाल झुंजावे, अशी ती कल्पना होती. सरकारी योजना कागदावरच राहतात असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. अर्थात केवळ सरकारी पैशामुळे हे घडले असेही नाही. १९८० साली ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीच्या एका अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितले की, आपण विकत घेतलेल्या स्मृतिचिप्समध्ये जपानी माल अमेरिकन मालापेक्षा स्पष्टपणे कमी सदोष आढळला. अमेरिकन कारखानदारांना तो मोठाच धक्का होता. जपानी कारखान्यांचा उतारा खरोखरच वरचढ होता. ६४ किलोबिटच्या चिपपर्यंत बाजारातील मोठा वाटा जपानकडे गेला.

१९८५ चा निर्णय

१९८४ च्या तेजीनंतर भाव कोसळले. स्मृतिचिप्सच्या बाजारात इंटेलचा वाटा आता नगण्य राहिला होता. तरीही कंपनीतील कर्त्या मंडळींना तो धंदा सोडवेना. जी वस्तू बनवून नाव कमावले तीच टाकून द्यावी, हे मनाला पटत नव्हते. कंपनीचे अध्यक्ष अँड्र्यू ग्रोव्ह यांनी पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे, १९८५ च्या मध्यास त्यांनी मूर यांना विचारले, की संचालकांनी आपल्याला काढून नवा प्रमुख नेमला तर तो काय करील? स्मृतिचिप्समधून बाहेर पडेल, असे मूर यांचे उत्तर होते. तर मग तेच आपण स्वतः का करू नये, असे ग्रोव्ह म्हणाले.

या निर्णयाचे श्रेय नेहमी या दोघांना दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण नव्हे. कारखान्यातील चकत्यांची वाटणी ज्या चिपमध्ये नफा अधिक तिला प्राधान्य, या साध्या नियमाने होत असे. त्यामुळे निर्णयाच्या कितीतरी आधीच उत्पादनाची बरीचशी क्षमता मायक्रोप्रोसेसरकडे वळली होती. वरच्या मंडळींनी त्यावर मागाहून शिक्कामोर्तब केले. खालच्या टेबलावर रोज होणारे छोटे निर्णय कधीकधी धोरणाच्याही पुढे धावतात, हे कार्यालयात काम करणाऱ्यांना अपरिचित नसावे.

माघार स्वस्तात पडली नाही. कारखाने बंद झाले, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि १९८६ साली कंपनीला १७ कोटी ३० लाख डॉलरचा तोटा झाला. मात्र त्याच सुमारास कंपनीने दुसरेही एक धाडस केले. तोपर्यंत मोठी गिऱ्हाईके एकाच चिपसाठी दोन पुरवठादार हवेत असा आग्रह धरीत. म्हणून इंटेलला आपल्या रचनेचा परवाना एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीस द्यावा लागला होता. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३८६ या मायक्रोप्रोसेसरचा परवाना इंटेलने कोणालाच दिला नाही. एकट्या पुरवठादारावर गिऱ्हाईक विश्वास ठेवील काय, हा खरा प्रश्न होता. १९८६ मध्ये कॉम्पॅक कंपनीने ३८६ वर चालणारा संगणक बाजारात आणला आणि तो प्रश्न सुटला. स्मृतिचिप कोणाचीही चालते. मायक्रोप्रोसेसरचे तसे नाही, कारण त्यावर चालणारा कार्यक्रम दुसऱ्या रचनेवर सहजी चालत नाही. इंटेलची पुढची दोन दशके या भेदावर उभी राहिली.

तिसऱ्याचा लाभ

१९८६ मध्ये अमेरिका व जपान यांच्यात चिप्सच्या व्यापाराबाबत करार झाला. तो पाळला जात नाही असे ठरवून अमेरिकेने १९८७ साली ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर शंभर टक्के जकात बसविली. स्मृतिचिप्सचे भाव चढले. त्याचा चटका अमेरिकेच्याच संगणक कारखानदारांना बसला आणि फायदा मात्र दक्षिण कोरियाच्या पदरात पडला. सॅमसंगने १९८३ साली, बहुतेकांनी वेड्यात काढले असता, या धंद्यात उडी घेतली होती. मंदीतही गुंतवणूक न थांबविता ती कंपनी १९९० च्या दशकात स्मृतिचिप्समध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. जपानच्या एनईसी व हिताची यांनी १९९९ मध्ये आपला हा व्यवसाय एकत्र केला. त्यातून निघालेली एल्पिडा कंपनी २०१२ साली दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या मायक्रॉनने ती विकत घेतली.

तैवानने निराळीच वाट धरली. मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये स्थापन केलेल्या टीएसएमसीने स्वतःची चिप बनवावयाचीच नाही, दुसऱ्याची रचना फक्त घडवून द्यावयाची, असे ठरविले. त्यामुळे गिऱ्हाईकाला आपली रचना प्रतिस्पर्ध्याच्या हाती देण्याची भीती उरली नाही. सर्वांचेच काम एका छपराखाली आले, चकत्या वाढल्या आणि उतारा सुधारला. पुढे अत्यंत सूक्ष्म चिप्स घडविण्यात खुद्द इंटेल या कंपनीच्या मागे पडली.

आपल्या देशात मोहाली येथील सरकारी सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सचे उत्पादन १९८४ च्या सुमारास सुरू झाले. १९८९ मधील आगीने ते काम अनेक वर्षे मागे गेले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांची चिप उद्योग योजना मंजूर केली आणि मार्च २०२४ मध्ये गुजरातमधील धोलेरा येथे टाटा समूहाच्या कारखान्याची पायाभरणी झाली. त्यासाठी तंत्रज्ञान देणारी तैवानची पॉवरचिप ही कंपनी मूळची स्मृतिचिप्सचीच. त्या धंद्यात मोठा तोटा सोसल्यावर ती इतरांच्या चिप्स घडवून देण्याकडे वळली.