चिपीचं विमान रद्द झालं? पैसे असे परत घ्या

सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावरून सुटणारी विमानं मोजकी. एक रद्द झालं की त्याच दिवशी दुसरं मिळेलच असं नाही. मग घाईघाईत लोक विमान कंपनी देईल ते घेऊन मोकळे होतात. तुम्ही तसं करू नका. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: तिकिटाचा परतावा आणि त्यावरची भरपाई. कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर कारण काहीही असो, परतावा तुमचाच. भरपाई मात्र कारणावर आणि तुम्हाला कधी कळवलं यावर ठरते. नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे आहेत.

कधी कळवलं?

उड्डाणाच्या २४ तास किंवा त्याहून आधी कळवलं असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यांतलं तुम्हाला मान्य असेल ते. भरपाई नाही. त्यानंतर कळवलं किंवा कळवलंच नाही, तर परताव्याशिवाय भरपाईही मागता येते. विमानतळावर पोचून दुसऱ्या विमानाची वाट बघत असाल, तर खाणं-पिणं कंपनीनं द्यायचं.

दुसरं विमान गोव्यातल्या मोपा किंवा दाबोळीहून देऊ केलं, तर होकार देण्याआधी विचारा: तिथवर गाडी कोण देणार? कबुली मेसेज किंवा ईमेलवर घ्या. नसेल जमत, तर सरळ परतावा मागा.

भरपाई किती?

प्रवासाचा वेळ १ तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, १ ते २ तास असेल तर ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००. पण पुढची ओळ महत्त्वाची: ही रक्कम किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी ते. समजा सव्वा तासाच्या प्रवासाचं मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून २,३०० रुपये आहे, तर भरपाई २,३०० रुपयेच, ७,५०० नव्हे. ई-तिकिटावरचे ‘बेस फेअर’ आणि ‘फ्युएल चार्ज’ हे आकडे बघून हिशेब करा. भरपाई रोख किंवा बँकेत मागा. व्हाउचर तुम्ही सही करून कबूल केलं तरच.

पाऊस, वादळ, पूर, संप, सरकारी आदेश, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत भरपाई नाही. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर हेच उत्तर जास्त ऐकू येईल. मेसेजमध्ये नुसतं ‘ऑपरेशनल रीझन’ असेल तर ते हवामानच असेल असं नाही. नेमकं कारण लेखी मागा आणि भरपाईचा अर्ज करा.

उशीर किंवा वेळेतला बदल

अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला २ तासांहून जास्त उशीर झाला, तर खाणं-पिणं मागा. अट एकच, चेक-इन वेळेत केलेलं हवं. देशांतर्गत विमानाला ६ तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर ६ तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. बदल याहून लहान असला तरी मेसेजमधली लिंक उघडून बघा. कंपनीच्या स्वतःच्या अटी कधी कधी अधिक सैल असतात.

पैसे कधी येतात?

क्रेडिट कार्डावर ७ दिवसांत. रोखीनं तिकीट काढलं असेल तर कंपनीच्या कार्यालयातून लगेच. एजंट किंवा पोर्टलवरून काढलं असेल तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच. ‘एजंटला विचारा’ म्हणून हात झटकता येत नाहीत. पैसे एजंटच्या खात्यात जमा झाले का, हे दोघांनाही विचारा. ‘क्रेडिट शेल’, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी रक्कम राखून ठेवणं, हा तुमचा पर्याय आहे. तो कंपनी लादू शकत नाही.

पैसे कुठे अडकतात?

कंपनीनं रद्द केल्याचा मेसेज येण्याआधी तुम्हीच ॲपवर ‘कॅन्सल’ दाबलंत, तर रद्द करण्याचं शुल्क कापलं जाईल. थांबा, मेसेज येऊ द्या.

कुडाळ-मालवणच्या एजंटकडून तिकीट काढताना मोबाइल नंबर तुमचाच द्या. एजंटनं स्वतःचा टाकला तर मेसेज त्याला जातो, आणि संपर्क न दिल्याच्या कारणावरून भरपाई नाकारली जाते.

पोर्टलची ‘कन्व्हिनियन्स फी’ बहुधा परत येत नाही. प्रवास तुम्हीच टाळला, तरी विनापरतावा तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मागता येतात. ते न मागणारे बरेच असतात.

चिपी-मुंबई एका तिकिटावर आणि मुंबई-दुबई दुसऱ्या, असं काढलंत तर पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी पहिली कंपनी घेत नाही. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, तिकीट मिळत नसेल तर आदल्या दिवशी निघा.

कोणते कागद?

ई-तिकीट, बोर्डिंग पास असल्यास तो, रद्द झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती, ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील. टॅक्सी, रेल्वे, हॉटेलची बिलंही ठेवा. तक्रार ग्राहक आयोगापर्यंत गेली तर ती लागतील.

दाद कुठे मागायची?

आधी कंपनीकडे लेखी तक्रार, क्रमांक टिपून घ्या. मग कंपनीच्या संकेतस्थळावरचा नोडल अधिकारी, त्यानंतर अपील अधिकारी. तिथे काही हललं नाही तर सरकारचं ‘एअरसेवा’ ॲप किंवा पोर्टल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोग, सिंधुदुर्गनगरी, ओरोस. कंपनीचं कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत २ वर्षं.

आणि परताव्यासाठी गुगलवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर फिरवू नका. नंबर तिकिटावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधलाच घ्या. पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितलं, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावा.