‘अकॉर्डिंग टू मी’ म्हणावे काय?

प्रश्न : ‘अकॉर्डिंग टू मी’ व ‘ॲज पर’ हे इंग्रजी प्रयोग शुद्ध आहेत काय?

उत्तर : ‘माझ्या मते’ हे आपल्या तोंडी इतके रुळलेले आहे की ‘अकॉर्डिंग टू मी’ सहज लेखणीतून उतरते; परंतु ‘अकॉर्डिंग टू’ हा प्रयोग परक्याच्या साक्षीसाठी, म्हणजे एखादा ग्रंथ, दप्तर, अंमलदार वा तज्ज्ञ यांच्या हवाल्यासाठी राखून ठेवलेला असल्यामुळे, स्वतःच्या मतास ‘इन माय ओपिनियन’ हेच प्रशस्त होय. ‘अकॉर्डिंग टू माय ओपिनियन’ तर दुहेरी अपराध! शिवाय ‘अकॉर्डिंग टू’ या प्रयोगात किंचित अलिप्तताही असते : ‘अकॉर्डिंग टू द तलाठी, द लँड इज फॅलो’ असे लिहिणारा गृहस्थ जमीन पडीक असल्याची हमी स्वतः घेत नाही, ती तलाठ्यावर सोपवून मोकळा होतो. ‘ॲज पर’ ही कचेरीची भाषा. हुकूम, करारनामा किंवा दरपत्रक यांच्या बरहुकूम काही केले असता ती शोभते, पण ‘ॲज पर माय फादर’ कानास खटकते. अशीच अलिप्तता दाखवणाऱ्या शब्दांपैकी ‘रिपोर्टेडली’ने ऐकीव वार्ता सूचित होते, तर ‘अलेजेडली’ आरोप अद्याप शाबीत न झाल्याचे बजावते. पारितोषिक मिळालेल्या विद्यार्थ्याच्या बातमीत हा दुसरा शब्द घातल्यास तो बिचारा विनाकारण संशयित ठरेल.