रात्री बाळाचे पोट फुगते तेव्हा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री एकच्या सुमारास फोन वाजला. वेवजीतल्या एका वस्तीतून आजी बोलत होती. "सिस्टर, नात संध्याकाळपासून रडतेय. पोट टणक लागतंय, पाय पोटाशी घेते. हिंग लावून झाला, ओव्याची धुरी दिली, दृष्ट काढली. आता शेजारीण म्हणते, बांगडी तापवून पोटाला टेकव. टेकवू का?"

मी म्हटले, "आजी, नको. बाळाला खांद्यावर उभं धरा, मी निघालेच."

पोहोचले तेव्हा पत्र्याच्या छोट्या खोलीत सहा माणसे, धुरीचा धूर आणि मधोमध रडणारे चोवीस दिवसांचे बाळ. वडील उंबरगावच्या कारखान्यात रात्रपाळीला गेलेले. आई वीस-एकवीस वर्षांची. बाळापेक्षा तीच जास्त घाबरलेली, कारण प्रत्येक जण तिलाच विचारत होता, "तू काय खाल्लंस?"

आधी दार उघडले, धूर बाहेर घालवला. मग बाळाला तपासले. काखेत थर्मामीटर लावला, ताप नव्हता. बाळ जरा शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजला, तो 44 भरला. बाळ श्वास सोडताना पोटावर हात ठेवला, पोट मऊ होते. रडताना ते टणक लागत होते, कारण रडताना कोणाचेही पोट टणकच लागते. दिवसभरात सात-आठ लंगोट ओले झालेले, दुपारी पिवळी शी झालेली. बाळ आजारी नव्हते, पोटात हवा अडकली होती. पाऊण तासाने ते आजीच्या छातीवर झोपले. औषध कोणतेही दिले नाही.

असे फोन मला महिन्यातून तीन-चार तरी येतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे.

गॅस कुठून येतो? बहुतेक वेळा तोंडातून. बाळ घाईने दूध ओढते, रडते, आणि दर वेळी थोडी हवा गिळते. शिवाय आतड्यात दुधाची साखर पचताना थोडा वायू तयार होतो. बाळाचे आतडे अजून शिकाऊ आहे. वायू पुढे ढकलायला आणि शी सोडायला त्याला नीट जमत नाही. त्यामुळे कित्येक बाळे दहा-वीस मिनिटे कण्हतात, लाल होतात, कुंथतात आणि शेवटी मऊ शी करतात. हा बद्धकोष्ठ नव्हे. मऊ शी होत असेल तर साबणाची काडी, विड्याच्या पानाचे देठ, तेलाचे बोट असे काहीही मागून घालू नका. त्या कोवळ्या जागेला चीर पडते.

संध्याकाळचे रडणे वेगळे ओळखायला हवे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते, आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. 1954 साली अमेरिकेतील डॉ. वेसल यांनी त्याचे माप सांगितले: दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यातून तीनपेक्षा जास्त दिवस, तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ. जगातल्या सगळ्या देशांत, श्रीमंतांच्या घरातही बाळे अशी रडतात. त्यात आईचा दोष नाही. 'बाहेरचं' काही लागलेले नसते आणि अमावस्येशीही त्याचा संबंध नसतो. ठरलेल्या वयात सुरू होऊन ठरलेल्या वयात थांबणारी गोष्ट ही वाढीचा भाग असते. गंमत अशी की ज्या बुवाने तिसऱ्या महिन्यात दोरा बांधला, त्याला रडणे थांबल्याचे श्रेय मिळते. दोरा बांधला नसता तरी ते थांबलेच असते.

आता रात्री काय करायचे ते सांगते. पहिली गोष्ट दूध पाजण्याची. बाळ भुकेने किंचाळेपर्यंत थांबू नका. तोंड इकडेतिकडे फिरवू लागले, मूठ चोखू लागले की लगेच घ्या. रडून रडून मग पाजले तर ते दुधाबरोबर हवाही ओढते. पाजताना बाळाचे डोके पोटापेक्षा थोडे वर हवे, पोट आईच्या पोटाला चिकटलेले हवे. तोंड मोठे उघडलेले असावे आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भागही तोंडात जावा. नुसते टोक तोंडात असेल तर 'चूक चूक' आवाज येतो, आईला दुखते आणि हवा आत जाते. अशा वेळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. एका बाजूचे दूध पूर्ण पिऊ द्या, मगच दुसरी बाजू द्या. छाती दुधाने फार ताठली असेल आणि धार जोरात येऊन बाळ ठसकत असेल, तर आधी थोडे दूध हाताने पिळून काढा.

पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर उभे धरा, मानेला आधार द्या, पाठीवरून हळू हात फिरवा. ढेकर आली तर बरे. पाच-दहा मिनिटांत आली नाही तर सोडून द्या. आपल्याकडे ढेकर आलीच पाहिजे म्हणून झोपलेल्या बाळाला अर्धा तास थोपटतात. चंडीगडच्या पीजीआयच्या अभ्यासात असे दिसले की ढेकर काढल्याने रडणे कमी झाले नाही, उलट दूध बाहेर टाकणे वाढले. म्हणून उभे धरा, पण पाठ बडवू नका.

तरीही रडत असेल तर बाळाला उताणे ठेवून दोन्ही पाय धरा. गुडघे हळूच पोटाकडे न्या, मग सरळ करा, सायकल चालवल्यासारखे. नाळ पडून जागा सुकलेली असेल तर हात एकमेकांवर चोळून कोमट करा आणि बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलका हात फिरवा. आतड्याची वाटही त्याच दिशेने जाते. हे पोट भरल्या भरल्या करू नका, दूध बाहेर येईल. आणखी एक धरण्याची रीत चांगली आहे: बाळाला आपल्या हातावर पालथे घ्या, गाल कोपराशी, पोट हातावर, नाक-तोंड मोकळे, आणि खोलीतल्या खोलीत फिरा. मात्र जागे असताना आणि हातावर असतानाच. झोपवायचे ते उताणेच, कितीही गॅस असला तरी. पालथे झोपलेल्या तान्ह्या बाळाचा श्वास कोंडू शकतो. त्याच्या तोंडाजवळ उशी, गोधडी, मऊ दुपटे ठेवू नका.

सगळ्यात गुणकारी उपाय फुकटचा आहे. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडे घालून उघड्या छातीवर उभे ठेवा, वरून चादर घ्या. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970 च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या पेट्या कमी पडल्या, म्हणून डॉक्टरांनी अशक्त बाळांना आईच्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत आता सरकारी रुग्णालयांत शिकवतात. छातीचे ठोके आणि ऊब मिळाली की बाळाचे अंग सैल पडते. हे बापानेही करावे. पाजणे सोडले तर बाळाचे एकही काम असे नाही जे बापाला जमत नाही. रात्रपाळीहून आलात तर आंघोळ करा, कंपनीतले कपडे बदला आणि बाळ छातीवर घ्या. बाळंतिणीला सलग तीन तास झोप मिळाली तर दुसऱ्या रात्रीचे रडणे तिला पेलता येते.

आता आईच्या ताटाबद्दल. "तू वाल खाल्लेस म्हणून त्याला गॅस झाला" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. वालाने आईच्या आतड्यात वायू होतो, तो दुधात उतरत नाही. दूध रक्तातून बनते. एखाद्या बाळाला आईने घेतलेल्या गाईच्या दुधाचे वावडे असते, तेव्हा शीमध्ये रक्त किंवा शेंबूड दिसतो. ते डॉक्टरांना दाखवावे. पण त्या भीतीने डाळ बंद, भाजी बंद, मासळी बंद, नुसता भात आणि मीठ, असे बाळंतिणीला ठेवणे म्हणजे दोघांना उपाशी ठेवणे आहे. डाळ, वाल, नाचणीची भाकरी, पालेभाजी, अंडे, सुकट, सगळे चालते. अंगणवाडीत अमृत आहाराचे गरम जेवण मिळत असेल तर लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

घुटीबद्दल बोलले की आज्या माझ्यावर रागावतात. वेखंड, मुरडशेंग, हरडा, जायफळ सहाणेवर उगाळून देण्याची रीत जुनी आहे, आणि ती देणाऱ्या हातांत माया आहे हे मला माहीत आहे. माझ्या आईनेही मला दिली. पण सहाण कोणत्या पाण्याने धुतली, मुळीवर बुरशी होती का, जायफळाचे वळसे तीन झाले की दहा, हे कोण मोजणार? जायफळ जास्त झाले तर बाळ गुंगते. आपल्याला वाटते पोट थांबले. मध तर वर्षाच्या आत कधीच नको. त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, पाणीसुद्धा नको.

गुंगवण्याचा इतिहास आपल्या कष्टकरी बायकांना माहीत असावा. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया बाळांना अफू घातलेली 'बाळागोळी' देत. बाळ दिवसभर निपचित पडून राही आणि आई साच्यावर उभी राही. त्या क्रूर नव्हत्या, त्यांच्याकडे रजाच नव्हती. 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या काळातील लाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आज कायद्याने 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पण ठेकेदारामार्फत कामाला लागलेली आपली मुलगी चाळीस दिवसांत पुन्हा कामावर जाते. मग संध्याकाळी ताठलेली छाती, भुकेलेले बाळ, घाईचे पाजणे, आणि रात्री गॅस. हेही कारणच आहे, ते मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या थेंबांनी जात नाही.

त्या थेंबांविषयीही सांगते. पोटदुखीच्या काही थेंबांत डायसायक्लोमिन असते. सहा महिन्यांखालील बाळाला ते देऊ नये, श्वास थांबण्याचा धोका असतो. बाटलीवरचे नाव वाचा, वाचता येत नसेल तर आशाताईला दाखवा. सीमेपलीकडच्या दुकानातून आणले तरी नियम तोच. सिमेथिकोनचे थेंब तसे निरुपद्रवी, पण तपासण्यांत ते साध्या पाण्यापेक्षा सरस ठरले नाहीत. ग्राइप वॉटर 1851 साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी काढले. त्या जुन्या पाककृतीत दारू होती, म्हणून बाळे झोपत. आता ती काढली आहे. उरले ते गोड पाणी. तेवढ्या पैशांत आईला अंडी येतात.

आता त्या तापवलेल्या बांगडीकडे येते. फेब्रुवारी 2025 मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यात, 22 दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे 65 चटके दिल्याची बातमी आली. तिकडे या प्रकाराला 'डंबा' म्हणतात. 2023 च्या सुरुवातीला मध्य प्रदेशातील शहडोल जिल्ह्यात न्यूमोनिया झालेल्या तीन महिन्यांच्या मुलीला 51 चटके दिले गेले, ती वाचली नाही. ही बातमी वाचून "ते आदिवासी, अडाणी" असे म्हणणारे आपल्यातही आहेत. मला ते पटत नाही. जिथे दवाखाना लांब आणि रात्री गाडी नाही, तिथे माणूस जे हाताशी असेल ते करतो. आणि बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरातूनच मला "टेकवू का?" असे विचारले गेले. चटक्याने बाळ गप्प होते, कारण त्याला रडण्याचीही ताकद उरत नाही. जखमेतून जंतू रक्तात जातात. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण पोलीस येतील तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून हे शेजारणींनीच थांबवायचे आहे.

रमाईच्या पाचपैकी चार मुलांना बालपणीच मृत्यूने नेले, राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला.  आज तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे, पुढे डहाणूला उपजिल्हा रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतील आजारी बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी फुकट आहे. म्हणून गॅस कोणता आणि आजार कोणता, हे ओळखणे महत्त्वाचे.

हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसले, बाळ शांत असतानाही पोट ढोलासारखे ताठ राहिले, किंवा शी आणि वारा दोन्ही बंद झाले, तर सकाळची वाट पाहू नका. बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडले आहे, रडणे क्षीण किंवा एकदम कर्कश झाले आहे, झटके येतात, तरीही तसेच. काखेतला ताप 37.5 सेल्सिअस, म्हणजे 99.5 फॅरनहाइट किंवा वर गेला, अथवा अंग गार पडले. श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, छाती आत ओढली जाते. बेंबीभोवती लाली किंवा पू. तळहात-तळपाय पिवळे. जांघेत कडक गाठ. दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू. यातले एकही दिसले तर ते पोटफुगीचे काम नाही, लगेच निघा. जाताना बाळाला छातीशी धरून ऊब द्या, आणि ओढत असेल तर वाटेत पाजत राहा.

रडणे ऐकून कधी कधी डोके फिरते. ते मलाही माझ्या मुलाच्या वेळी झाले होते. अशा वेळी बाळाला उताणे सुरक्षित जागी ठेवा, दाराबाहेर पाच मिनिटे उभे राहा, दुसऱ्याला हाक मारा. रागात बाळाला हलवू नका. दोन-चार हिसक्यांनी त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायलाच हव्यात. तेव्हा वजन करून घ्या आणि पाजण्याची पकड त्यांना दाखवा. 108 ला फोन लावाल तेव्हा आधी "महाराष्ट्र, पालघर जिल्हा, तलासरी तालुका, वेवजी" असे सांगा आणि मग पाड्याचे किंवा वस्तीचे नाव. आपण अगदी हद्दीवर राहतो, पलीकडे लगेच गुजरातचे सोलसुंबा लागते. एकाने बॅटरी घेऊन रस्त्यावर उभे राहावे, म्हणजे गाडीला वस्ती शोधावी लागणार नाही.