अकोल्याला नंबर लागेल का, आणि खर्च किती?

बारावीनंतर शेतकीकडे जायचे म्हटले की वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या इंझोरीच्या घरात पहिले नाव निघते अकोल्याचे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून तिथे आहे. नंबर लागण्याचा अंदाज बारावीच्या टक्क्यांवरून बांधू नका. एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाइल पाहा. 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. परीक्षा देणाऱ्या दर शंभरांत साधारण नव्वद जण तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मग गेल्या वर्षीची कटऑफ यादी उघडा आणि आपल्या प्रवर्गाचा, त्याच कॉलेजचा, शेवटच्या फेरीचा आकडा शोधा. पहिल्या फेरीचा आकडा पाहून पुष्कळ पोरे उगाच हबकतात.

यादीत ‘विद्यापीठ’ हा शब्द सगळीकडे दिसेल, पण विद्यापीठाचे स्वतःचे कॉलेज वेगळे आणि संलग्न खासगी कॉलेज वेगळे. पदवी त्याच विद्यापीठाची, फीमध्ये मात्र मोठा फरक. एजंट नेमके हेच सांगत नाही. पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजची वर्षाची फी, वसतिगृह आणि मेस यांचा आकडा कागदावर घ्या.

सीईटीचे शुल्क 2024 मध्ये एका गटाला खुल्या प्रवर्गासाठी 1000 आणि राखीव प्रवर्गासाठी 800 रुपये होते. दोन्ही गट दिले तर दुप्पट. कृषीला पीसीएम किंवा पीसीबी, कोणताही एक गट चालतो. फक्त शेतकीच करायची असेल तर दुसऱ्या गटाचे पैसे कशाला?

खरी गळती कागदांवर होते. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते देणाऱ्या जिल्हा समितीचे काम वाशीमला. अर्ज अकरावीतच करा. निकालानंतर धावपळ केली तर पुरावे जुळवण्यातच फेऱ्या निघून जातात. नॉन-क्रीमिलेअरची मुदत 31 मार्चला संपते, तेव्हा जुने प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी चालेल का, ते आधी पाहा. शेतकऱ्यांच्या मुलांना अधिभार (जादा गुण) देण्याची पद्धत कृषी प्रवेशात आहे. यंदा किती, हे यंदाच्या माहितीपुस्तिकेत वाचा. त्यासाठी लागणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो.

मानोऱ्याला तहसीलमध्ये जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुणी पाचशेचा स्टॅम्प मागितला तर थांबा. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे; मार्च 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी ते पुन्हा जाहीर केले. सेवा केंद्रात दरफलक पाहा, पावती घ्या.

मुलीसाठी हिशेब बराच हलका होतो. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातील मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून झालेला हवा, आणि महाडीबीटी पोर्टलवर अर्ज न चुकता भरायला हवा. एसटीचे तिकीटही मार्च 2023 पासून महिलांना निम्मे. तेव्हा अकोला लांब आणि महाग म्हणून मुलीला जवळच्या कुठल्याही कॉलेजात घालणे, हा मला तरी तोट्याचा व्यवहार वाटतो.

पसंतीक्रम स्वतः बसून भरा. लॉगिनचा पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कॅफेवाल्याला किंवा ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्याला देऊ नका; कॅपची जागा गुणवत्ता यादीतूनच मिळते, तिच्यासाठी कुणाला वर पैसे द्यावे लागत नाहीत.