पहिल्या वर्षातून घरी परतलेली मुले



गेल्या महिन्यात आमच्या लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत एका भगिनीने विचारले, "माझी मुलगी यंदा पुण्याला वसतिगृहात जाणार. पुन्हा २०२० सारखे झाले तर काय करायचे?" बराच वेळ कोणी बोलले नाही, कारण बैठकीतल्या चार घरांत तेव्हा अशीच मुले होती. कोणी वसतिगृहातून परतलेले, तर कोणी कॉलेजची पायरीही न चढता पहिले वर्ष संपवलेले. बोलता बोलता दहा वाजले. फादर म्हणाले, हे सारे लिहून काढा. म्हणून आम्ही दोघे, एक खैरानी रोडवरच्या गाळ्यात काम करणारा आणि दुसरी घरी शिवणकाम करणारी, हे लिहीत आहोत. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही, हे आपण जाणताच.

आधी घटना आठवू या. महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. महिन्याच्या मध्यास शहरांतील शाळा-कॉलेजे बंद झाली आणि वसतिगृहे रिकामी होऊ लागली. आमचा थोरला पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता. तो एस.टी.ने आला, सोबत एकच बॅग. पंधरा दिवसांत परत जायचे म्हणून गादी, पुस्तके, ड्रॉइंगचे सामान सारे तिथेच ठेवले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, लोकल थांबल्या आणि २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी आली. त्या पंधरा दिवसांचे दीड वर्ष झाले. मधले अर्धवट प्रयत्न सोडले तर राज्यातील कॉलेजांचे वर्ग रीतसर उघडले ते २० ऑक्टोबर २०२१ रोजी, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही आठवडे बंद झाले. वसतिगृहातले सामान आम्हाला खूप उशिरा मिळाले. त्यात गणिताची पुस्तके नव्हती. राहिलेल्या महिन्यांचे भाडेही परत मिळाले नाही, पण तो विषय इथे नको.

साकीनाक्यातली आपली घरे आपल्याला ठाऊक आहेत. आमची खोली दहा बाय पंधराची, वर पोटमाळा. माणसे पाच: आम्ही दोघे, आजी, थोरला आणि दहावीची परीक्षा देत असलेली धाकटी. तिचा भूगोलाचा शेवटचा पेपर पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. घरात चांगला मोबाईल एकच. सार्वजनिक मिस्सा मार्चमध्ये थांबल्या होत्या. रविवारी तोच मोबाईल पवित्र मरियेच्या मूर्तीला टेकवून आम्ही मिस्सा पाहायचो आणि नेमका त्याच वेळी थोरल्याच्या मित्राचा फोन यायचा. आजी रागवायची. आम्हीही रागवायचो. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, तोवर हे असेच चालले.

आता आमची चूक सांगतो. २९ एप्रिल २०२० रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने परीक्षांबाबत सूचना काढल्या आणि ८ मे रोजी राज्य शासनाने जाहीर केले की, पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना पुढच्या वर्गात पाठवले जाईल. आम्हाला वाटले, बरे झाले, सुटला. गल्लीत एकाने त्याला "ढकलपास" म्हटले, सगळे हसले, आम्हीही हसलो. घरातही तो शब्द रुळला. भाजी आणायला उशीर झाला की "आला ढकलपास". त्याचा पहिल्या सत्रातला गणिताचा पेपर राहिलेला होता, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याला वाटत होते की दुसऱ्या सत्रात अभ्यास करून आपण हे भरून काढू. तो भरून काढण्याचा प्रसंगच शासनाच्या निर्णयाने नाहीसा झाला. आम्हाला जी सवलत वाटली, ती त्याला आपली संधी गेल्यासारखी वाटली. हे कळायला आम्हाला वर्ष लागले.

पुढे गाळे हळूहळू उघडू लागले. उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर गावी गेलेले, शेठला माणसे हवी होती, आणि आमच्या घरात तीन महिने धड पगार नव्हता. आम्ही थोरल्याला गाळ्यात नेले. कष्टाची लाज आम्हाला नाही, त्यालाही नव्हती. चूक एवढीच की आम्ही त्याला विचारले नाही. लेक्चर ऑनलाइन आहे, रात्री बघेल, असे आम्हीच परस्पर ठरवले. रात्री तो पोटमाळ्यावर मोबाईल घेऊन पडायचा आणि आम्ही समजायचो की अभ्यास चालू आहे. २०२१ मध्ये एका वर्गमित्राने फोन करून विचारले की, याने परीक्षेचा फॉर्म का भरला नाही? तेव्हा उलगडा झाला.

त्या दिवशी खूप बोलाचाली झाली. शेवटी तो म्हणाला, "बाबा, तिकडे मला काय आवडायचं, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?" आम्ही गप्प झालो. खरेच विचारले नव्हते. मग तो सांगू लागला. वर्कशॉपमधले लेथ मशीन, रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली लायब्ररी, चहाच्या टपरीवरचे सातारा-लातूरचे मित्र. आणि एक लोखंडी खाट. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची खाट मिळाली होती, ती सात महिने वापरून तो पुन्हा आमच्या मधल्या चटईवर झोपायला आला होता. आम्ही त्याला "घरी आलास, सुखरूप आहेस" असे म्हणत होतो. तो काय सोडून आला आहे, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाचा शेवटचा भाग (ओवी ४१ ते ५२) या दृष्टीने पुन्हा वाचावा, असे आम्ही सुचवतो. हा उतारा आपण मुलांच्या आज्ञापालनासाठी वाचतो. परंतु त्यात आईवडिलांचीही गोष्ट आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसून ऐकतो, प्रश्न विचारतो. आईवडील तीन दिवस शोधून दमलेले. मरिया रागावते, तो उत्तर देतो आणि ते उत्तर त्या दोघांना समजत नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. मग तो त्यांच्याबरोबर नाझरेथला परत येतो. मोठ्या विद्वानांमध्ये बसून आलेला मुलगा सुताराच्या लहानशा घरात परततो! पुढची कितीतरी वर्षे शुभवर्तमान त्याविषयी काही सांगत नाही. मरियेने ते सारे मनात जपले, एवढेच आपल्याला कळते. तिने लगेच निकाल दिला नाही. आम्ही मात्र चौथ्या दिवशीच निकाल देऊन मोकळे झालो होतो.

साथीमुळे घरेदारे उलटीपालटी होणे मुंबईला नवे नाही. १८९६ साली मांडवीत ग्रंथिज्वराची म्हणजे प्लेगची साथ डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी ओळखली आणि नंतरच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. आपल्या ईस्ट इंडियन गावठाणांत जे जुने क्रूस दिसतात, त्यांतले कित्येक त्या साथीच्या काळातले आहेत. साथीपासून रक्षण व्हावे म्हणून लोकांनी क्रूस उभारले. २०२० ची साथ मात्र आपण लवकर विसरून जायला बघतो, विशेषतः मुलांच्या बाबतीत. "झाले ना आता पदवीधर!" असे म्हणतो आणि विषय संपवतो.

त्या काळात व्हॉट्सॲपवर न्यूटनचा निरोप फार फिरला. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद झाले, न्यूटन घरी गेला आणि त्याने मोठे शोध लावले, मग तुमची मुले काय करतात? आम्हीही तो निरोप थोरल्याला पाठवला होता, त्याच खोलीत बसून! पण न्यूटन पहिल्या वर्षाचा विद्यार्थी नव्हता, त्याची पदवी त्याच वर्षी झाली होती, आणि त्याचे घर शेतावरचे होते. त्याच्याच आयुष्यातली दुसरी गोष्ट पालकांनी वाचण्यासारखी आहे. लहानपणी आईने त्याला शेती पाहण्यासाठी शाळेतून काढले होते. त्याच्या शिक्षकाने आणि धर्मगुरू असलेल्या मामाने तिची समजूत घातली, म्हणून तो पुन्हा शाळेत गेला.

आमच्या घरीही असेच तिसरे माणूस उपयोगी पडले. थोरल्याचे धर्मपिता एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. ते आले, मास्क लावून गल्लीतच उभे राहिले आणि त्याला म्हणाले, "मला एक गिअरचं गणित समजत नाही, सांगशील?" त्यांना ते समजत होते, हे आम्हाला नंतर कळले. दर गुरुवारी ते येऊ लागले. अभ्यास झाला का, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. मुलाने आईबापांसमोर कबूल न केलेली गोष्ट, म्हणजे राहिलेला पेपर, त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितली. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण धर्मपिता निवडतो, जेवण घालतो आणि पुढे नाताळला केक पाठवण्यापलीकडे त्यांना काही काम देत नाही. हे काम त्यांचे होते.

बाकीचे बदल साधे होते. सकाळी दहा ते एक पोटमाळा त्याचा, त्या वेळेत शिलाई मशीन बंद. गाळ्यातले काम आठवड्यातून तीन दिवस आणि त्याच्या पगारातला ठरलेला भाग रिचार्जसाठी त्याच्याच हातात. "ढकलपास" शब्द घरातून हद्दपार झाला. आजीला तो फार आवडायचा, त्यामुळे वेळ लागला. मुलाचे एक वर्ष गेलेच. २०२३ ऐवजी २०२४ मध्ये तो अभियंता झाला.

पण सगळ्यांचे असे झाले नाही, आणि हा लेख खरे तर त्या घरांसाठी आहे. समूहातल्या एका मुलीचा बारावीचा निकाल १६ जुलै २०२० रोजी लागला. बी.कॉम.ला प्रवेश ऑनलाइन, वर्ग ऑनलाइन, कॉलेज पाहिले नाही, एकही मैत्रीण झाली नाही. ती मेडिकलच्या दुकानात लागली आणि कॉलेज सुटले. वडील म्हणत, तिला शिक्षणात गोडी नाही. जिला वर्गात बसायलाच मिळाले नाही, तिला गोडी लागणार कुठून? दिवसा झोपणे, जेवायला सोबत न बसणे, मित्रमैत्रिणींचे फोन न उचलणे, याला आपण आळस म्हणत होतो. दर वेळी तो आळसच असतो असे नाही. तेव्हा विचारायचे कोणाला, हे आमच्यासारख्यांना माहीत नव्हते. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. पालकही तिथे फोन करू शकतात.

ती मुलगी आज नोकरी करते आणि पुन्हा शिकायचे म्हणते. अशांसाठी वाट बंद झालेली नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांना शिकवत आहे, आणि मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र कालिन्याला आहे, इथून फार लांब नाही. जुन्या गुणपत्रिका आणि कॉलेज सोडल्याचा दाखला मात्र आधी शोधून ठेवावा, ट्रंकेच्या तळाशी असतो.

पुढच्या समूह बैठकीसाठी दोन गोष्टी घरी बोलून याव्यात. आपल्या मुलाला त्या दीड वर्षात काय गमावल्यासारखे वाटते, हे त्याच्याच तोंडून ऐकावे, मध्ये बोलू नये. आणि आपण त्या काळात त्याला कोणत्या नावाने चिडवत होतो, ते आठवावे.

फॉर्म भरण्यात मदत लागल्यास पुढील दोन रविवारी सकाळच्या मराठी मिस्सेनंतर आम्ही हॉलच्या दाराशी बसू. थोरला लॅपटॉप घेऊन येणार आहे.