आजारपणाचा अर्थ



अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन द्यायला आम्ही जातो, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो : "फादर, मी असे कोणते पाप केले?"

ईयोबाच्या मित्रांनाही त्याचे दुखणे ही पापाची शिक्षाच वाटली होती. पण ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा राग होतो तो त्या मित्रांवर. तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण असा निवाडा करू नये.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १९८१ साली गोळीबार झाला. १९८४ साली त्यांनी मानवी दुःखावर प्रेषितपत्र लिहिले. त्यात ते दुःखाला चांगले म्हणत नाहीत. म्हणून औषध घेणे, वेदना कमी करून घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. परंतु जी वेदना उरतेच, तिचे काय? 'का?' या प्रश्नाला प्रभू येशू तात्त्विक उत्तर देत नाही. तो क्रुसावरून आपल्याला सोबतीला बोलावतो. संत पौलही आपली दुःखे ख्रिस्तसभेसाठी सोसतो. अर्थ वेदनेत नाही, ती ज्या प्रीतीने अर्पण केली जाते त्या प्रीतीत आहे.

आजारी बंधुभगिनींनो, लांब प्रार्थना जमत नसेल तर सकाळी एवढेच म्हणा : "प्रभो, आजचा त्रास अमक्यासाठी." रडू आले तरी ती प्रार्थनाच आहे.

आणि आपण धडधाकट माणसे? त्याच पत्राच्या अखेरीस चांगल्या शोमरोन्याचा दाखला येतो. तो जखमी माणसाला उपदेश करीत नाही, त्याच्या जखमा बांधतो. या आठवड्यात एका आजाऱ्याजवळ अर्धा तास बसू या.